सात मीटरांचा धाक

साउथ वेल्समध्ये जपानी नॉटवीड नावाचं तण काढण्याच्या धंद्यात दोन हंगाम असतात आणि ते एकमेकांशी जुळत नाहीत. फोनचा हंगाम एप्रिल-मे. जमिनीतून लालसर कोंब वर यायला आणि घरांचे सौदे सुरू व्हायला एकच गाठ पडते, मग आमच्या ऑफिसातला फोन खाली ठेवता येत नाही. औषधाचा हंगाम मात्र ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर. मधल्या काळात आमचं मुख्य काम म्हणजे लोकांना थांबायला सांगणं. ज्याचं गृहकर्ज अडकलंय त्याला "सप्टेंबरात येतो" असं सांगायचं आणि तरीही गिऱ्हाईक टिकवायचं. फवारणीचा परवाना परीक्षा देऊन मिळतो, पण हे कुठल्या परीक्षेत शिकवत नाहीत.

थांबायचं कारण झाडाच्या व्यवहारात आहे. उन्हाळ्याच्या सुरुवातीला जमिनीतल्या आडव्या खोडातली, म्हणजे रायझोममधली, साखर वर चढत असते, खोडं आणि पानं उभी करायला. त्या वेळी पानांवर ग्लायफोसेट हे तणनाशक मारलं तर वरचं सगळं करपतं, घरमालक खूश होतो आणि खालचं भांडवल शाबूत राहतं. फुलोऱ्याच्या सुमारास प्रवाह उलटा फिरतो. पानांनी कमावलेलं खाली साठवायला जातं आणि त्याच्याबरोबर औषधही जातं. जाड खोडं असतील तर आम्ही फवारत नाही, खालच्या पेरात सुई घालून थोडं औषध टोचतो. शेजारी भाजी लावलेली असेल, तळं असेल, तर हाच मार्ग बरा. पुढच्या वसंतात जे उगवतं ते खुरटं, बारीक पानांचं, वेडंवाकडं असतं. ते बघून गिऱ्हाईक विचारतं, "मेलं नाही का अजून?" स्वान्झी विद्यापीठाने आमच्याच भागात मोठ्या क्षेत्रावर ह्या सगळ्या उपायांची तुलना केली होती. 2018 साली निष्कर्ष छापून आले. योग्य वेळी दिलेलं ग्लायफोसेट सगळ्यात सरस ठरलं, पण तीन वर्षांत पूर्ण नायनाट कुठल्याच उपायाने झाला नव्हता. हा निबंध मी छापून गाडीत ठेवते. वाद घालणाऱ्या वकिलांना तो उपयोगी पडतो.

मी मूळची बार्शीकडची, काळ्या रानातली. आमच्याकडे कुंदा नावाचं तण होतं. कुंदा ज्याच्या रानात शिरला त्याचं काय होतं हे मला शाळेत जायच्या आधी माहीत होतं. आजोबा उन्हाळ्यात माणसं लावून कुंदा खणून काढायचे. कुदळीने ढेकळं उलथायची, मुळं उघडी पाडायची आणि मेच्या उन्हात वाळू द्यायची. राहुरीला कृषी पदवी घेताना पुस्तकात तेच वाचलं, फक्त इंग्रजीत. लग्नानंतर नवऱ्याच्या हॉस्पिटलातल्या नोकरीपायी वेल्सला आले. इथल्या एका तणनियंत्रणाच्या कंपनीत आधी फोन घ्यायची नोकरी धरली, मग परवाना काढला, मग पाहणी करून अहवाल लिहायला लागले. मुलाखतीत मला विचारलं होतं, असल्या तणाचा अनुभव आहे का? मी कुंद्याबद्दल सांगत सुटले. समोरच्याला फारसं कळलं नसावं, पण नोकरी दिली. फरक एवढाच की इथे उन्हाच्या भरवशावर काहीही वाळत नाही. उलथून टाकलेलं ढेकूळ चार दिवसांत हिरवं होतं.

हे झाड इथे आलं ते मिरवत. फिलिप फ्रान्झ फॉन सीबोल्ड नावाचा जर्मन डॉक्टर डच लोकांच्या नोकरीत जपानला होता. नकाशे जवळ बाळगल्याच्या प्रकरणात जपानने 1829 मध्ये त्याला हाकललं. पुढे त्याने हॉलंडमध्ये लायडनला जपानी झाडांची रोपवाटिका थाटली. 1847 साली युट्रेक्टच्या बागकाम संस्थेने ह्याच नॉटवीडला वर्षातली सर्वांत लक्षवेधी नवी शोभेची वनस्पती म्हणून सुवर्णपदक दिलं. 1850 मध्ये त्याच्या रोपवाटिकेतून लंडनच्या क्यू उद्यानात झाडांचं पार्सल आलं, त्यात हे होतं. पुढे बागवाले विकत गेले, लोक घेत गेले, एकमेकांना फुटवे देत गेले. ब्रिटनभर पसरलेलं हे सगळं झाड एकाच मादीचं आहे. नर इथे आलाच नाही. मग बी कसलं? जवळच्या नात्यातल्या दुसऱ्या वनस्पतींच्या परागांवर कधीमधी बी धरतं, पण क्वचितच तगतं. पसरलं ते मुख्यतः तुकड्यांनी: खोडाच्या पेरानं, रायझोमच्या कांडीनं, म्हणजेच माणसाच्या फावड्यानं, डंपरनं आणि नदीच्या पुरानं. 0.7 ग्रॅमचा तुकडा नवं झाड उभं करायला पुरतो. एका बाईने नवऱ्याशिवाय अख्खा देश व्यापला, असं आमच्या ऑफिसातल्या पोरी म्हणतात, आणि त्यात थोडा अभिमानही असतो.

जपानमध्ये ह्याचा कुणाला त्रास वाटत नाही. फुजीच्या उतारावर ज्वालामुखी थंड झाला की त्या राखेत जी झाडं पहिल्यांदा पाय रोवतात त्यांत हे एक. वर पुन्हा राख पडली तरी खालून फुटून येण्याची त्याला सवय. जपानातल्याच कोची भागात त्याचे कोवळे कोंब भाजी म्हणून खातात. तिथे त्याला खाणारे किडे आहेत, बुरशा आहेत. इथे त्यातलं कुणी नाही. 2010 मध्ये सरकारने परवानगी देऊन क्यूशूहून आणलेला एक बारकासा किडा मुद्दाम सोडला. तो इथल्या हवेत नीट बस्तान बसवू शकला नाही. वेल्समध्ये आल्यावर मात्र झाडाला जणू घर सापडलं. दऱ्यादऱ्यांतून कोळशाच्या खाणी, पोलादाच्या भट्ट्या, त्यांची राख आणि खंगर यांचे डोंगर. फुजीच्या उतारावर जे मिळतं ते इथे माणसांनी आयतं रचून ठेवलं होतं. बागेबाहेर, रानात वाढलेलं नॉटवीड ब्रिटनमध्ये पहिल्यांदा नोंदलं गेलं ते 1886 साली, मायस्टेगमध्ये, राखेच्या ढिगावर. मायस्टेग ब्रिजेंडच्या उत्तरेला लिन्वी नदीच्या खोऱ्यात आहे. माझी अर्धी कामं त्या रस्त्यावर असतात.

हिवाळ्यातली पाहणी मला आवडते, जरी बोटं बधिर होत असली तरी. पानं गेलेली असतात, तपकिरी वाळकी खोडं उभी असतात आणि वाऱ्यात खडखडतात. उन्हाळ्यात लोक काहीही दाखवायला बोलावतात. साधा बांबू, हरणखुरीसारखी वेल, लायलॅकची कोवळी फांदी, काहीही. फोनवर आवाज कापत असतो. जाऊन बघावं तर शेजाऱ्याने हौसेने लावलेलं काहीतरी. हिवाळ्यात शंका आली की थोडं उकरायचं. रायझोमवर काळपट तपकिरी साल असते. नखाने दाबून मोडलं की ताजं असेल तर कडकन तुटतं आणि आतून केशरी रंग दिसतो. हा रंग दिसला की दुसऱ्या कशाशी गफलत होत नाही. मग मोजपट्टी काढायची, झाडापासून भिंतीपर्यंत, झाडापासून कुंपणापर्यंत, आणि कुंपणापलीकडे वाकून बघायचं. पलीकडचं बघितल्याशिवाय अलीकडचं कळत नाही, हे पहिल्या महिन्यात शिकवलं गेलं. पलीकडे बहुतेक वेळा रेल्वे असते, नदी असते, नाहीतर कुणाचीच नसलेली बोळ.

मोठ्या जागांचं गणित वेगळं. एका दरीत जुन्या कारखान्याची पडीक जागा एका बिल्डरने घेतली होती. गोदामं बांधायची होती, बँकेचा पैसा लागला होता, पाच वर्षं फवारणी करत बसायला वेळ नव्हता. आम्हाला बोलावण्याआधी कुणीतरी स्वस्तातल्या ठेकेदाराकडून जागा सपाट करून घेतली होती. बुलडोझरने वरची झाडी सरकवून कोपऱ्यात ढीग केला होता. नकाशावर मूळ नॉटवीड एका बाजूच्या पट्ट्यात होतं. आम्ही गेलो तेव्हा ते सगळीकडे होतं, अर्ध्या बोटाएवढं, मातीत मिसळलेलं, बुलडोझरच्या पट्ट्यांनी नेलं तिथवर. लोक हे ऐकल्यावर हळहळतात. मी हळहळत नाही. असल्या सपाटीकरणामुळेच आमच्या कंपनीची निम्मी बिलं निघतात.

अशा कामात मी पोकलेनच्या बादलीशेजारी उभी असते. चालक एका खाणकामगाराचा मुलगा, साठीच्या जवळचा. तो माती ओरबाडत नाही, पातळ थर तासत जातो. थर निघाला की मी हात वर करते, तो थांबतो, मी वाकून बघते. केशरी दिसलं की अजून तासायचं. खाली स्वच्छ पिवळसर चिकणमाती लागली आणि ती तशीच लागत राहिली की रंगाच्या डब्याने रेघ मारायची. पुस्तकात रायझोम तीन मीटर खोल जातं असं लिहिलेलं असायचं. मला ते त्याच्या बरंच वर संपलेलं दिसत आलंय, पण जुन्या भरावात, विटांच्या पोकळीत, मोडक्या गटारात ते कुठेही शिरलेलं असतं आणि तिथे पुस्तक उपयोगाचं नसतं. डंपरच्या हौद्याला आतून ताडपत्री, वरून ताडपत्री, चाकं ब्रशने घासून मगच फाटकाबाहेर. 1990 च्या पर्यावरण कायद्याखाली ही माती नियंत्रित कचरा आहे. परवाना असलेल्या लँडफिललाच जायला हवी, आणि सोबत कागद हवा. त्या कागदावर माझी सही असते.

बिल्डरला पहिला आकडा सांगितला तेव्हा तो हसला होता. दुसऱ्यांदा सांगितला तेव्हा हसला नाही. लँडफिलचा सरकारी कर एप्रिल 2025 मध्ये टनामागे 126.15 पौंड होता. त्यावर लँडफिलवाल्याचा दर आणि गाडीभाडं वेगळं. माती हजारो टन असली की हा हिशेब बोटांवरही होतो. म्हणून मग चाळण लावली. माती यंत्रातून गाळायची, पट्ट्यावरून येताना दोन्ही बाजूंना उभ्या माणसांनी हाताने कांड्या वेचायच्या. जेवढी वेचून शुद्ध झाली तेवढी जागेवरच राहिली. उरलेली गाडीतळाच्या खाली खड्डा करून, जाड पडद्यात, म्हणजे मेंब्रेनमध्ये, चारी बाजूंनी गुंडाळून पुरली. मेंब्रेनशिवाय पुरायचं तर वर निदान पाच मीटर माती हवी, गुंडाळून पुरलं तर दोन मीटर चालते, असा ह्या कामातला जुना दंडक आहे. अर्थात आधी नॅचरल रिसोर्सेस वेल्स ह्या सरकारी खात्याशी बोलून. पुरल्याचा नकाशा जमिनीच्या कागदांना जोडला. गोदामं उभी राहिली आहेत. तिथे उद्या कुणी विजेचा खांब रोवायला खड्डा घेतला तर तो आधी नकाशा बघेल, अशी कल्पना आहे. कागदांवर माझा विश्वास आहे, खांब रोवणाऱ्यांवर कमी.

इतकं सगळं लिहिल्यावर वाचणाऱ्याला वाटेल की हे झाड घरं पाडतं. वर्तमानपत्रांनी वर्षानुवर्षं तेच लिहिलं: काँक्रीट फोडून वर येतं, दिवसाला दहा सेंटिमीटर वाढतं, घराची किंमत शून्यावर आणतं. काँक्रीट ते फोडत नाही. असलेल्या भेगेतून वर येतं आणि भेग रुंदावतं. अंगणातली फरशी उचकटतं, हलकी भिंत ढकलतं. नीट पायावर उभं असलेलं घर त्याने पाडलेलं मी पाहिलेलं नाही. लीड्स विद्यापीठ आणि एका अभियांत्रिकी सल्लागार कंपनीच्या संशोधकांनी उत्तर इंग्लंडमधल्या वर्षानुवर्षं ओस पडलेल्या, 1900 च्या आधी बांधलेल्या 68 घरांची पाहणी केली. ज्या घरांना काही व्हायचंच असेल तर अशाच घरांना व्हावं. 2018 मध्ये त्यांनी लिहिलं की मोठी झाडं आणि बडलियाची झुडपं ह्यांच्यापेक्षा नॉटवीडचं नुकसान जास्त नाही, आणि सात मीटरच्या नियमाला आकड्यांचा आधार सापडत नाही.

हा सात मीटरचा नियम 2012 मधला. घरांची किंमत ठरवणाऱ्या सर्व्हेयरांच्या संस्थेने, आरआयसीएसने, मार्गदर्शन काढलं. त्यात घरापासून सात मीटरच्या आत नॉटवीड असेल तर धोक्याची वरची श्रेणी. हेतू चांगला होता, कारण त्याआधी बँका नाव ऐकताच कर्ज नाकारायच्या. निदान श्रेणी तरी मिळाली. पण श्रेणीबरोबर एक आकडा आला आणि लोकांनी आकडाच धरून ठेवला. माणसं मोजपट्टी घेऊन शेजाऱ्याच्या अंगणात उभी राहायला लागली. 2019 मध्ये संसदेच्या विज्ञान समितीने ह्यावर अहवाल लिहिला, आणि 2022 मध्ये आरआयसीएसने मार्गदर्शन बदललं. सात मीटर गेले, तीन आले, आणि नुकसान खरंच दिसतंय का हा प्रश्न आधी आला. कागदावर बदललं. फोनवर अजून सातच ऐकू येतात.

मी ह्या धाकावर जगते, हे मला माहीत आहे. आमच्या नेहमीच्या गिऱ्हाइकाला पाच वर्षांचा आराखडा, दर वर्षीची फवारणी, पाहणीचे फोटो आणि शेवटी विमा जोडलेलं दहा वर्षांचं हमीपत्र मिळतं. काही हजार पौंडांत. बँक झाड मेलंय का हे विचारत नाही, हमीपत्र आहे का एवढंच विचारते. कित्येकदा आराखड्यावर सही झाली त्याच आठवड्यात कर्ज मंजूर होतं, औषधाचा एक थेंब पडलेला नसतो. सुरुवातीला मला ह्याचा राग यायचा. आता वाटतं, थांबायला काहीतरी आधार लागतो, तो आम्ही देतो. आजोबांच्या कुंद्यावर कुणी कर्ज नाकारलं नव्हतं. त्यांच्याकडे कर्ज नाकारायला आधी सोसायटीवाल्यांना यावं लागायचं, आणि ते कुंद्यापेक्षा वेगळ्या गोष्टी बघत.

मायस्टेगला रेल्वेच्या बांधालगत दोन बैठी घरं आहेत. त्यांच्या मालकांचा नेटवर्क रेल ह्या रेल्वेमार्ग सांभाळणाऱ्या कंपनीविरुद्धचा खटला अपील कोर्टापर्यंत गेला आणि जुलै 2018 मध्ये निकाल लागला. बांधावर नॉटवीड निदान पन्नास वर्षांपासून होतं. नुसती किंमत पडली म्हणून भरपाई नाही, असं न्यायाधीशांनी सांगितलं. पण रायझोम मालकाच्या जमिनीत शिरलं म्हणजे त्याला आपली जमीन निवांतपणे वापरता येत नाही, बांधकाम करायचं तर ओझं, म्हणून भरपाई आहे. निकाल आल्यावर खोऱ्यातल्या प्रत्येक घराने रेल्वेकडे बघायला सुरुवात केली. मग 2024 मध्ये ब्रिजेंड कौन्सिलच्या प्रकरणाचा निकाल सर्वोच्च न्यायालयात लागला. तिथे उलटं झालं: झाड कौन्सिलच्या जागेवरून शेजारच्या अंगणात शिरलं ते 2004 च्या बऱ्याच आधी, आणि कौन्सिलचं कर्तव्य सुरू झालं ते 2013 ला, म्हणून किंमत घटली त्याचा दोष कौन्सिलच्या कसुरीला लावता येत नाही. ह्या निकालानंतर माझ्याकडे येणारी विचारणा बदलली. आधी विचारायचे, किती लांब आहे? आता विचारतात, किती जुनं आहे? जुनेपणा सांगणं अवघड. खोडाचं बुंध्याशी झालेलं गाठोडं, वाळक्या खोडांचे थर, जुनी हवाई छायाचित्रं, असं सगळं जोडून अंदाज द्यायचा. कोर्टात मला उभं केलं तर मी 'अंदाज' हा शब्द सोडणार नाही.

गेल्या वर्षी कार्डिफला एका मराठी घरात गेले होते. दोघंही आयटीतले, घर घेऊन तीन वर्षं झालेली, कर्ज दुसऱ्या बँकेकडे वळवायचं चाललेलं. शेडच्या मागे कोपऱ्यात नॉटवीड होतं, मागच्या बोळातून आलेलं. सांगलीहून सासरे आले होते, आणि मी पोचले तेव्हा ते उकिडवे बसून खुरप्याने कोपरा साफ करत होते.

"काका, नका हो उपटू," मी धावलेच.

"अगं, तण आहे ते. उपटायचं नाही तर काय आरती करायची?"

त्यांच्या हातातली कांडी त्यांनी मोडली, आत बघितलं आणि मान डोलावली. "ओली हळदच की गं ही." सांगलीच्या माणसाला हे सांगायचं मला सुचलं नसतं, पण होतं ते अगदी तसंच. हळद काय, हे काय, जमिनीतली खोडंच. आयुष्यभर हळदीच्या कांड्या लावल्या त्या माणसाला एक कांडी म्हणजे एक झाड हे समजावून द्यावं लागलं नाही. उपटलेलं सगळं मी वेचून जाड पिशवीत भरायला लागले, तेव्हा मात्र त्यांना पटेना. बागेच्या कचऱ्याच्या डब्यात टाकायचं नाही म्हणजे काय? आम्ही तर बांधावर फेकतो. मी म्हटलं, इथेही लोकांनी तेच केलं काका, रेल्वेच्या बांधावर.

सूनबाईने आत चहा करताना हळूच विचारलं, की सासऱ्यांनी काढलंच आहे तर आता नाही असं म्हटलं तर? घर विकताना जो फॉर्म भरायचा असतो त्यात 2013 पासून नॉटवीडचा वेगळा प्रश्न आहे. उत्तरं तीन: हो, नाही, माहीत नाही. 2020 च्या टिपांमध्ये तर असं आहे की जमिनीखाली आणि कुंपणापासून तीन मीटरांत रायझोम नाही ह्याची खात्री असेल तरच 'नाही' लिहायचं, वर काही दिसत नसलं तरी. मी तिला लंडनच्या नैऋत्येच्या एका घराचं सांगितलं. 2018 मध्ये सात लाख पौंडांना विकलं गेलं. विकणाऱ्याने 'नाही' लिहिलं होतं. म्हणणं असं, की मोठ्या झुडपामागे मला दिसलंच नाही. 2023 मध्ये कोर्टाने मानलं नाही. भरपाई 32,000 पौंड, आणि वकिलांचे खर्च धरून आकडा दोन लाखांच्या पुढे गेला. तिने चहा गाळायचा थांबवला. "म्हणजे झाड काही करत नाही, फॉर्म करतो," ती म्हणाली. आमच्या ऑफिसात हे इतक्या सरळ कुणी बोललेलं नाही.

मग तिने औषधाचा मुलांना त्रास होईल का ते विचारलं. ग्लायफोसेटबद्दल लोकांनी वाचलेलं असतं, आणि बरोबरच वाचलेलं असतं: जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2015 मध्ये त्याला माणसात बहुधा कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या यादीत घातलं, इथल्या नियामकांनी वापर चालू ठेवला. मी दोन्ही सांगते. त्या कोपऱ्यात टोचण्याजोगी खोडं पुढच्या वर्षी येतील, तोवर मुलांना शेडच्या मागे सोडू नका, आणि काकांना तर मुळीच नको. काका हसले. जाताना म्हणाले, "उन्हात वाळवायचं सोडून तुम्ही बँकेत वाळवता होय?" कुंद्याचं त्यांना माहीत होतं, विचारायची गरजच पडली नाही.

आणखी एक काम सांगते, ज्याच्यातून कंपनीला जवळपास काही मिळालं नाही. लिन्वीच्या खोऱ्यातच, ऐंशीच्या पुढची एक बाई. अंगणाच्या टोकाला नॉटवीडचं बेट, त्याच्या अलीकडे तिच्या मधमाश्यांच्या दोन पेट्या. वाळकी खोडं ती वाटाण्याच्या वेलांना टेकू म्हणून वापरते. बोलावलं तिने नव्हतं. शेजारचं घर विक्रीला निघालं होतं आणि शेजाऱ्याच्या वकिलाने पत्र पाठवलं होतं. पत्राची भाषा अशी की बाईला वाटलं, आता पोलीस येणार.

"गुन्हा आहे का ग, बाख?" वेल्शमधल्या लाडाच्या हाकेने तिने विचारलं.

अंगणात असणं हा गुन्हा नाही. 1981 च्या वन्यजीव कायद्याने रानात लावणं किंवा रानात पसरू देणं गुन्हा आहे. शेजाऱ्याकडे जाऊ दिलं तर दिवाणी भानगड, आणि फारच दुर्लक्ष केलं तर कौन्सिल 2014 च्या कायद्याखाली नोटीस काढू शकतं. हे तिला समजावून सांगितलं तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला, आणि लगेच ती भांडायला उभी राहिली. झाड तिच्या सासऱ्याच्या वेळेपासून आहे. घराला काही झालेलं नाही. सप्टेंबरात खोऱ्यात दुसरं काही फुलत नाही, तेव्हा हेच फुलतं आणि तिच्या माश्या हिवाळ्याची बेगमी ह्याच्यावर करतात. मध गडद होतो, मला तिने चमचाभर चाखायला दिला. मधमाश्या पाळणाऱ्यांना नॉटवीड आवडतं हे खरंच आहे. आमच्या अहवालाच्या नमुन्यात त्यासाठी रकाना नाही.

शेवटी शेजाऱ्याने पैसे द्यायचे आणि बाईने परवानगी द्यायची असं ठरलं. कुंपणाला लागून मेंब्रेन उभा पुरायचा, आणि कुंपणाकडच्या पट्ट्यावर औषध. बेटाचा पलीकडचा भाग राहणार, कारण त्याला कुणी पैसे देत नव्हतं आणि बाईला तो हवा होता. अर्धवट काम आहे हे आराखड्यात स्पष्ट लिहिलं; हमीपत्र फक्त शेजाऱ्याच्या जमिनीपुरतं. बाईची एकच अट: फुलं असताना फवारायचं नाही. तसं बघितलं तर फुलं गळल्यावर आणि पहिल्या कडक थंडीआधी थोडे दिवस मिळतात, पानं हिरवी असतात, औषध खाली जातं. मी तारीख ऑक्टोबरची टाकली. शेजाऱ्याच्या वकिलाने इमेल करून विचारलं, महिनाभर उशीर का? मी लिहिलं, मधमाश्यांमुळे. त्याचं उत्तर आलं की बँकेला पाठवायच्या कागदात असं लिहिता येणार नाही, काही तांत्रिक कारण द्यावं. मी 'फुलोरा संपल्यानंतर' असं लिहून दिलं. त्याने आभार मानले, आणि आराखडा बँकेकडे गेला.